वर-खालीवाले मॉलिक्यूल

आमच्या करडीच्या कॉलेजातले किस्से म्हनजे धानाचा पुंजना. एक पेंडी ओढा, चार घसरते. त्यातल्या अर्ध्या पेंड्या एकाच डेरिव्हेशनच्या: डब्यातल्या गॅसचं प्रेशर. मेश्राम सरले ते लई आवडे. माझा दोस्त निल्याले मात्र त्यानं घाम फुटे. बापानं त्याले सांगून ठेवलं होतं, अकरावी गेली का पुस्तक बंद, धानाच्या बांधीत चिखल तुडवायले चाल.

*

सर म्हने, एक चौकोनी डबा घ्या. त्यात गॅसचे मॉलिक्यूल सैरावैरा पळून राहिले.

मी विचारलो, झाकन कोनं लावलं?

"तू बाहेर जा अन् दार लाव," सर म्हने.

*

मॉलिक्यूल भिंतीले धडकून तेवढ्याच जोरानं मांगं येते, म्हनून मोमेंटम डबल बदलते. हे दाखवायले सरनं रबरी बॉल भिंतीवर मारला. टनकन वापस आला. दुसऱ्या दिवशी मले मारायले सांगतलं. मी खिशातून चिखलाचा गोळा काढलो अन् मारलो. चिकटला.

"वापस नाही आला, म्हनजे सिंगल," सर म्हने. "आता भिंत पुस."

*

सर म्हने, मॉलिक्यूल एकमेकाले ना ओढत, ना ढकलत.

निल्या म्हने, "जिल्हा फुटल्यावर भंडारा अन् गोंदिया, तसे?"

सरचं सासर गोंद्याले.

"नाही," सर म्हने. "तिकडचे अजून ओढते."

*

मंग सरनं वर्गाचाच डबा केला. बेंच बाहेर, पोरांच्या तीन टोळ्या. एक फळा ते मागची भिंत पळे, दुसरी दार ते खिडकी, तिसरी वर-खाली. निल्या तिसरीत, बिचारा जागीच उड्या मारे. तीन दिशा, सारखी वाटनी, म्हनून फॉर्म्युल्यात वन थर्ड, असं सर वरडून सांगून राहिले. तेवढ्यात प्रिन्सिपल दारात आले. दाराच्या टोळीत मी होतो. मॉलिक्यूल मधात थांबत नाही, हे सरनंच शिकवलं होतं.

प्रिन्सिपल उठता उठता म्हने, "कायचा तास आहे?"

"प्रेशरचा," सर म्हने.

*

परीक्षेत सारे पास, निल्या एकटा नापास. फेरपरीक्षेची तोंडी घ्यायले बाहेरचे सर आले. आमी खिडकीमांगं. निल्याचा बाप बैलजोडी घेऊनच गेटवर उभा.

निल्यानं फळ्यावर सारं बरोबर लिहिलं, डबल मोमेंटमसकट. बाहेरच्या सरनं विचारलं, हा वन थर्ड कुठून आला?

निल्यानं खडू ठेवला अन् उड्या मारायले लागला.

"हे काय करून राहिला?"

"सर, आमच्या तीन टोळ्या होत्या," निल्या उडता उडता म्हने. "समोर-मांगंवाले पास झाले. आडवेवाले पास झाले. वर-खालीवाल्यातला मीच उरलो."

बाहेरच्या सरनं मार्क लिहिले.

गेटवरून बाप बैल घेऊन एकटाच बांधीत गेला.