बाटलीच्या तळाचं औषध

आत्यांना प्राणिघरात बावीस वर्षं झाली होती. प्रयोगशाळेत सगळे त्यांना आत्याच म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठा पहारेकरीसुद्धा. गिनीपिगला अलगद धरून गालाच्या कोपऱ्यातून बिनसुईच्या सिरिंजनं औषध पाजावं ते आत्यांनीच. जनावर हूं की चूं करत नसे.

या खेपेला औषध गजकर्णावरचं होतं, पोटातून द्यायचं. पांढरी भुकटी, पाण्यात विरघळेल तर शपथ. खलात घोटून दाट द्रवात कालवली, तरी जरा ठेवली की तळाला जाऊन बसायची. म्हणून दर वेळी सिरिंज भरण्याआधी बाटली हलवायची. दोन पिंजरे होते. पहिल्यातल्यांना साधं खाणं, दुसऱ्यातल्यांना तेलात मळलेलं. तेलकट खाण्याबरोबर औषध जास्त लागू पडतं का, एवढंच पीएच.डी. करणाऱ्या मुलीला पाहायचं होतं.

तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांच्या पाठीवरचे चट्टे गेले, वर मऊ लव आली. पहिल्यातले अजून खाजवतच होते.

"आत्या, नेहमीच्या निम्म्या दिवसांत!" मुलगी म्हणाली. "सोमवारी सगळ्यांपुढे वाचणार. सर तर म्हणाले, आता लिहायलाच बस."

आत्या हसल्या खऱ्या, पण मनात पाल चुकचुकली. मधले सहा दिवस त्यांचा खांदा धरला होता. सकाळी एकदाच बाटली हलवायची, आणि मग सरळ पाजत सुटायचं. दुसरा पिंजरा नेहमी शेवटी. म्हणजे वरचं पाणचट पहिल्यांना आणि तळाचा दाट गाळ दुसऱ्यांना. कमाल तेलाची की गाळाची, कोणी सांगावं?

दुपारी घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "कोणी विचारलंय का? मग कशाला अंगावर घेतेस? बावीस वर्षांचं नाव जाईल."

"माझं जाईल ते जाईल. तिनं खोटं वाचलं तर तिचं जाईल, आणि तिला कळणारही नाही."

दुसऱ्या दिवशी मुलगी यायच्या आधीच आत्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि ती आल्या आल्या सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मुलीनं वही पुढं ओढली.

"सहाच दिवस ना? नक्की?"

"नक्की. मंगळवार ते रविवार."

"खांदा दुखत होता तर बोलायचं नाही का हो? मी हलवली असती."

"तुला कशाला त्रास, म्हटलं."

"आता झाला तो कमी आहे का?" तिनं कपाळावर हात मारला, आणि वहीत तारखा लिहायला लागली.

सोमवारी ती काहीच वाचू शकली नाही. सरांची बोलणी खाल्ली, पण आत्यांचं नाव तोंडातून निघालं नाही. नवी जनावरं आली. आता बाटली ती हलवायची, आत्या पाजायच्या, आणि एक दिवसाआड पिंजऱ्यांचा क्रम बदलायचा. महिनाभरानं तेलवाल्यांचे चट्टे आधी गेले; पण निम्म्या दिवसांत नव्हे, चारच दिवस आधी.

"फारच थोडं निघालं गं," आत्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"थोडं का होईना, तेलाचंच आहे," मुलगी म्हणाली, आणि तोच आकडा घेऊन सरांच्या खोलीकडे गेली.