कान तेवढा नीट करून दिला

फोन आला तेव्हा मी डिंभ्याच्या फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होतो. हातात हौसासाठी केलेल्या पेजेचा डबा. पुण्याच्या इस्पितळातून पोरगा बोलला, "आबा, तुमी आता निघू नका. आईला घेऊन आमीच येतोय." त्याच्या आवाजावरूनच कळलं. एस.टी. आली, दार उघडलं, कंडक्टर ओरडला, "चला की बाबा!" मी तसाच उभा… गाडी गेली.

मला लिहायची सवय नाही, चौथीनंतर शाळा सुटली. पण तिला जाऊन सव्वा महिना झाला, हे पोटात राहत नाही.

हौसाचा डावा कान फाटला तो माझ्या हातानं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. रानातून गवताचा भारा घेऊन आली, मी रागात होतो, दारात भारा ओढून उतरवला आणि त्यात कुडी अडकली. पाळीचे दोन तुकडे झाले. ती रडली नाही. कानावर पदर ओढला आणि चुलीपुढं बसली. तेव्हापासून चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो पदर डाव्या कानावर. आमच्यात लग्नकार्याला सुवासिनीचा कान मोकळा नसतो. हिच्या कुड्या डब्यात. बायका विचारायच्या तेव्हा सांगायची, "म्हशीनं शिंग मारलं." घरात मला म्हणायची, "म्हस कोण ते मी न्हाई सांगितलं."

दोन वर्षांमागं तिच्या अंगावरून जायला लागलं. या वयात. सुनेनं हट्ट केला म्हणून हमरस्त्यावरच्या बायका-मुलांच्या दवाखान्यात नेलं. दारातच गोऱ्या पोरीचा हा एवढा फोटो, नाक, गाल, कान सगळं सुंदर करून मिळेल म्हणून. ते सुंदर करून देणाऱ्या डॉक्टरची खोली गार, काचेची. पोटुशा बाया जिन्यात बसलेल्या. हौसानं नर्सला हळूच सांगितलं. नर्स म्हणाली, "गर्भपिशवीच्या मॅडम गुरुवारी येतात आजी. कानाचे सर रोज असतात. कान फाटलाय ना तुमचा? अर्ध्या तासाचं काम."

हौसा म्हणाली, "कानानं मी मरत न्हाई बाई. खालचं बघा आधी."

आणि मी, मी म्हणालो, "अगं, आलोयच तर करून घे. नातीच्या लग्नात कुड्या घाल."

माझंच पाप मला धुवायचं होतं, दुसरं काय. कान शिवला. गुरुवारी गेलो तर मॅडम रजेवर. पुढच्या गुरुवारी टाके काढले, कानाचा फोटो काढला, मॅडम आल्याच नाहीत. मग लग्न आलं. "आता लग्न होऊ द्या," हौसाच म्हणाली. कुड्या घालून मांडवात मिरवली. अंगावरून रक्त जात असतानाही मिरवली… नंतर पुण्यात डॉक्टरीणबाईंनी पिशवीचा कॅन्सर सांगितला आणि विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?" काय सांगू? कान शिवत होतो?

कान शिवला त्याच दवाखान्यात भाजलेल्या एका पोरीची चिकटलेली बोटं सोडवलेली मी बघितली. तिच्या आईनं डॉक्टरच्या पायावर डोकं ठेवलं. त्या कामाला मी नावं ठेवणार नाही. पण बायका-मुलांचा दवाखाना अशी पाटी लावता, तर बाई काय सांगती ते आधी ऐका की राव! कानाला रोज डॉक्टर आणि पिशवीला गुरुवार, तोही न आलेला?

शेवटचं न्हाऊ घालताना सुनेनं कुड्या काढल्या. पाळी अशी बसली होती की फाटली होती हे कुणाला पटलं नसतं. कान तेवढा नीट करून मी तिला सरणावर ठेवली.

कान शिवल्यावरही पदर ओढायची तिची सवय गेली नाही. म्हणायचो, "आता काय झाकतीस?" म्हणायची, "हाताला कोण सांगनार?" तिची हिरवी साडी अजून दांडीवर आहे. पदराचा काठ एका जागी तिच्या बोटांनी विरून जाळी झालाय. परवा सून म्हणाली, "आबा, गोधडीला घेऊ का? तेवढ्या जागी टाका घालते."

म्हणालो, "गोधडी कर. तिथं टाका घालू नको."