वहीतला शेवटचा रकाना

कॅप्टन दिनकरराव गाडेकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते पुंडलिकनगरातल्या आपल्या घराच्या बाहेरच्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसले होते आणि कानशीने गळ घासत होते. एकेक गळ पंजाएवढा. मी नुकतीच प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती. आमच्या घरातली पहिलीच पदवी, त्यामुळे प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरूनच मी सगळीकडे नोकरी विचारत फिरत असे. सरांनी फाइल उघडली नाही. विचारलं, "समुद्र पाह्यलाय का गं पोरी?"

"नाही, सर."

"तुझ्या वयात मी बी नव्हता पाह्यला. सिल्लोडकडचा माणूस मी. बस, ही कानस घे."

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या काही वाचकांना सरांचं काम ठाऊक नसेल, म्हणून सांगते. नौदलातून निवृत्त झाल्यावर सरांनी अंदमानात एक बोट घेतली. हौशी लोकांना ते खोल समुद्रात मार्लिनसारखे अजस्र मासे गळाने पकडायला नेतात आणि पकडलेला प्रत्येक मासा परत सोडतात. पावसाळ्यात बोट बांधून घरी येतात. बोट तिकडे आणि कार्यालय मात्र आपल्या शहरात, जिथून कुठल्याच दिशेला समुद्र नाही. पाहुण्यांच्या पत्रांना उत्तरं देणं हे माझं काम ठरलं.

गळाच्या टोकाजवळ एक उलटी नखी असते. ती जबड्यात रुतली की मासा सुटत नाही. सर दर पावसाळ्यात प्रत्येक गळाची नखी घासून सपाट करतात. "मग मासा निसटणार नाही का?" मी त्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "निसटंल की," सर म्हणाले, "त्याला बी काही संधी पाहिजे का नाय?"

दुपारी ते समुद्राचा नकाशा फरशीवर पसरत. पंख्याच्या वाऱ्याने त्याचे कोपरे उचलले जात आणि खोली हलल्यासारखी वाटे. आमिषामागे येताना मार्लिनचं अंग आतून दिवा लावल्यासारखं निळं पेटतं, थकला की तोच रंग विझून तपकिरी होतो, हे मी तिथेच ऐकलं. संध्याकाळी मुकुंदवाडी स्टेशनाच्या फलाटावर उभी राहिले की वाटे, रुळांच्या पलीकडे पाणीच सुरू होतं आहे.

सरांची एक वही आहे. सोडलेल्या प्रत्येक माशाची तिच्यात नोंद असते: जागा, अंदाजे लांबी, आणि शेवटचा रकाना, 'गेला तेव्हा कसा गेला'. त्यात सरांच्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'शेपटी आपटून गेला', 'रुसून गेला', 'सावकाश, पण आपापला गेला'. माझ्या पदवीच्या पुस्तकांत असा रकाना कुठेच नव्हता.

माझ्या हातून एक चूक झाली. सिल्लोडचे मक्याचे व्यापारी जब्बारभाई यांनी बोटीवर जागा मागताना लिहिलं होतं, माशाबरोबर फोटो मिळेल ना? मी उत्तरात लिहिलं, 'नक्की मिळेल'. माझ्या मनात होता पाण्यातला मासा. त्यांच्या मनात होता धक्क्यावर उलटा टांगलेला मासा आणि शेजारी उभे ते.

त्याच मोसमात सरांनी मला बोटीवर न्यायचं ठरवलं. वडील तयार नव्हते. सर आमच्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "दादा, ज्या समुद्राची पत्रं तुमची पोरगी लिहिते, तो तिनं बघायला नको? आमच्या मंडळी बी संगं हायेत." वडिलांनी मान हलवली.

त्याच फेरीत जब्बारभाईंच्या गळाला मार्लिन लागला. दोन तास ते झुंजले. अखेर मासा बोटीच्या कडेला आला तेव्हा ओंडक्यासारखा तरंगत होता. अंगावर निळ्याचा लवलेश नव्हता.

"चलो, ऊपर उठाओ!" जब्बारभाई म्हणाले.

"वर नाय घेत आपण, जब्बारभाई. वर घेतला तर तो मरंल."

"कॅप्टनसाब, मोंढे के बाजार में सबकू बोल के आया मैं! दुकान की दीवार पे जगा खाली रखा. और ये मॅडम लिख के दिये!" त्यांनी खिशातून माझं पत्र काढलं.

"पत्र मी लिहिलं," मी म्हणाले, "चूक माझी आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "खाली सही माझी हाय. चूक असंल तर माझी. शब्द दिलाय, फोटो मिळंल. पण तो वर यायचा नाय, जब्बारभाई. तुम्ही खाली वाका. हातमोजे घाला अन् चोच धरा."

जब्बारभाई पुटपुटत गुडघ्यांवर बसले. भाल्यासारखी ती चोच त्यांनी दोन्ही हातांनी धरली. नखी नसलेला गळ सरांनी सहज सोडवला, आणि माशाच्या कल्ल्यांतून पाणी वाहतं राहावं म्हणून बोट अगदी हळू पुढे चालवली. मी कॅमेरा घेऊन उभी होते. बराच वेळ काहीच झालं नाही. पाणी काचेसारखं होतं. जब्बारभाईंचं पुटपुटणं थांबलं. मग ते माशाशीच बोलायला लागले. "चल बेटा. चल मेरे शेर. घर जा." थोड्या वेळाने घाबऱ्या आवाजात, "कॅप्टनसाब, मर तो नहीं जाएगा ना ये?"

"सोडू नका. कवा सोडायचं ते तोच सांगंल."

माशाच्या पाठीवर एक बारीक निळी रेघ उजळली. ती पसरत पसरत शेपटीपर्यंत गेली. "अरे, बत्ती जली इसकी!" जब्बारभाई ओरडले. माशाने मान झटकली, त्यांनी हात सोडले, आणि तो निळा उजेड सरळ खाली उतरत दिसेनासा झाला.

मी बघतच राहिले होते. बटण दाबलं ते त्यानंतर. फोटोत फक्त पाणी आलं, आणि कोपऱ्यात जब्बारभाईंचा हातमोजा घातलेला रिकामा हात.

मी रडकुंडीलाच आले. सर रागावले नाहीत. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "शेवटचा रकाना आज तू लिही." आजवर त्या रकान्यात दुसऱ्या कुणाचं अक्षर नव्हतं. मी लिहिलं, 'स्वतःच्या बळावर गेला'.

जब्बारभाईंनी तो फोटो मागून नेला. सिल्लोडला त्यांच्या दुकानात मोकळ्या ठेवलेल्या जागी तो लावला आहे. गिऱ्हाईकं चेष्टेने विचारतात, "शेठ, मासा कुठंय यात?" जब्बारभाई वजनकाट्यावरून मान वर न करता सांगतात, "घर गया."

सर आता साठ वर्षांचे झाले. दुसऱ्याची चूक आपल्या सहीखाली घेणारी माणसं कशी असतात, हे मी त्यांच्या बोटीवर पाहिलं. त्यांचे डोळे दूरचं पाणी असंच ओळखत राहोत, गुडघ्यांनी फरशीवरची मांडी त्यांना कधी नाकारू नये, आणि अजून कितीतरी पावसाळे पुंडलिकनगरातल्या त्या खोलीतून कानशीचा आवाज येत राहो. वहीची पानं संपत आली आहेत. नवी वही मी आणून ठेवली आहे, सर. रकाने आखून ठेवलेत. शेवटचा जरा रुंद घेतलाय.