लिक्सलिपच्या उतारावर सासूबाई

आमच्या सासूबाई नागपूरच्या. नागपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगते, की तिथे दुपारी कावळे सावलीसाठी एकमेकांच्या खाली उभे राहतात. अशा गावात सत्तर वर्षं भाजून निघालेल्या या बाईंची आयुष्यात एकच मोठी इच्छा होती: आभाळातून पडलेला बर्फ बघायचा, आणि नुसता बघायचा नाही, त्याच्यावरून घसरायचं. लग्न झाल्यावर सासरे त्यांना काश्मीरला नेणार होते. आधी दिरांची लग्नं निघाली, मग मुलं झाली, मग सासऱ्यांचे गुडघे गेले आणि मग सासरेच गेले. काश्मीर होतं तिथेच राहिलं.

म्हणून दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत त्या आमच्याकडे आयर्लंडला आल्या त्या पक्का बेत करूनच. तीन महिने लिक्सलिपला लेकाकडे आणि तिथून सिडनीला लेकीकडे. ऑस्ट्रेलियात जुलै म्हणजे भर हिवाळा, आणि माझी नणंद दर जुलैला तिथल्या डोंगरात स्कीइंगला जाते.

"मंग इकडं कायले नाई पडत व बर्फ? थंडी तं हाडं फोडून राहिली," आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, जणू मीच कुठे दडवून ठेवलाय.

आता याला काय उत्तर देणार? आयर्लंडात पाऊस सतरा तऱ्हांचा पडतो. आडवा पडतो, तिरका पडतो, एकदा तर माझ्या डोळ्यांदेखत खालून वर गेला. पण बर्फ म्हणाल तर दोन-तीन वर्षांतून एखादा दिवस, तोही पाहुण्यासारखा, चहा होईपर्यंतसुद्धा न थांबणारा. मी म्हटलं, "पडतो की, आई. पडला की छपरं बुडतात."

सुनेने सासूला इतपत सांगायलाच हवं.

मार्चमध्ये जग बंद झालं. विमानं जमिनीवर, व्हिसाला मुदतवाढ, नवरा कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात पाळीला, मी जिन्याखाली लॅपटॉप मांडून ऑफिसला आणि सासूबाई खिडकीत. जुलै आला. सिडनी काही आली नाही. त्या आठवड्यात आमच्या घरात एकही भाजी नीट शिजली नाही, यावरून काय ते समजा.

मग एका सकाळी, आमचा चहा चालला असताना, नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. तिथे संध्याकाळ व्हायला आली होती. डोंगरावर माणसं मोजून सोडत होते, तिला मोठ्या मुश्किलीने आत जायला मिळालं होतं. तिने फोन उलटा फिरवला.

मी बोलणारी बाई आहे. माझ्या माहेरी म्हणायचे, हिला गप्प करायचं तर आधी झोपवावं लागतं. पण त्या दिवशी माझा चहा हातात निवला. पांढरा डोंगर, त्याच्यामागे पांढरा डोंगर आणि त्याच्यामागे उन्हाने गुलाबी झालेला तिसरा. उतारावर नीलगिरीची झाडं, आपल्या उटीला असतात तसलीच, पण वाकडी, बुटकी, आणि फांदीन् फांदी बर्फाने लगडलेली. एका फांदीवर दोन लालभडक पोपट बसलेले. बर्फात पोपट! मी कोणाला हे सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, झालं हिचं सुरू.

सासूबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला, प्रसादाची वाटी धरतात तसा.

"आई, दिसतंय का?" नणंद ओरडत होती. "गेल्या आठवड्यात गवत दिसत होतं, मशीनने बर्फ उडवत होते. रात्रीतून कमरेएवढा पडलाय!"

"कसा हाय तो? मूठ भरून दाखव."

तिने मूठ भरली, दाबली, उघडली. सगळा भुरभुर उडून गेला.

"पिठीसाखर," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमच्याकडे रोज सकाळी ऑस्ट्रेलियाच्या बर्फाची परीक्षा सुरू झाली. नणंद घरी परतली तरी त्या डोंगरावरचा कॅमेरा इंटरनेटवर दिवसरात्र चालू असे. सासूबाई देवपूजा आटोपून त्याच्यासमोर बसत. "आज रवा हाय. काल ऊन पडलं, रात्री गोठलं." "आज साबुदाणा झाला, पडतीन पोट्टे." "हे तं भिजलेले पोहे. याच्यावर कोनी जाऊ नये." नणंद फोन करून विचारायची, "आई, या शनिवारी जाऊ का गं?" आणि त्या लिक्सलिपच्या स्वयंपाकघरातून पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाच्या डोंगराबद्दल सल्ला देत. पुढेपुढे तर मला वाटायला लागलं, की त्यांनी परवानगी दिल्याशिवाय तिथे माणसांना वर नेणारे पाळणेसुद्धा सुरू करत नसावेत.

नुसतं बघून भागेना. नणंदेने शिकवलं, की नवशिक्याने थांबायचं असेल तर दोन्ही पायांचे चवडे आत वळवून त्रिकोण करायचा. सासूबाईंना ते तत्काळ समजलं. "म्हन्जे पोळीचा चतकोर." मग ऑगस्टपासून आमच्या लाकडी फरशीवर टाल्कम पावडर शिंपडून, पायांत लोकरी मोजे आणि दोन्ही हातांत झाडूचे दांडे घेऊन त्यांचा सराव सुरू झाला. फ्रिजपासून निघायचं, चतकोर करायचा, ओट्याशी थांबायचं. माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्यामागून एक म्हातारी डावीकडून उजवीकडे सरकत जाताना दिसे. कोणी काही विचारलं नाही. आयरिश माणूस फार सभ्य. घराला आग लागली तरी तो आधी हवापाण्याचं विचारेल.

"आई, कंबर मोडेल," नवरा म्हणाला.

"तुझ्या बापाचे गुडघे गेले तवा मी काई बोलली का? माही कंबर मोडली तं तू नको बोलू."

डिसेंबर सरला, बर्फ नाही. जानेवारीत पुन्हा कडक बंदी आली, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. आणि नेमकं तेव्हाच आखाती देशामार्गे नागपूरचं तिकीट मिळालं. गुरुवारचं विमान. सासूबाईंनी बॅग भरायला घेतली. लोकरी मोजे त्यांनी सगळ्यात खाली घातले. मला ते बघवेना. मी म्हटलं, "आई, गुरुवारला अजून अवकाश आहे." त्या म्हणाल्या, "जाऊ दे व. फोनात पाह्यलं ना."

रविवारी सकाळी मी पडदा सरकवला आणि मला आधी वाटलं, कोणीतरी खिडकीला बाहेरून चादर लावलीय.

छपरं, गाड्या, कचऱ्याचे डबे, समोरची कुंपणं, सगळं पांढरं. आणि आवाज नाही. मोठा रस्ता जवळच आहे आमच्या, एरवी एक घरघर असतेच. ती कुणीतरी बंद करून टाकली होती. बर्फ अजून पडत होता, मोठमोठ्या पाकळ्या, घाई नसल्यासारख्या. मी हाका मारायला वळले.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. मग खाली गेल्या. मीही मागोमाग. त्यांनी दार उघडलं, उंबऱ्यावर थांबल्या आणि पायातल्या सपाता काढल्या. मोजेही काढले.

"अहो आई, पाय गळून पडतील!"

"देवळात काय जोडे घालून जाते का तू?"

आणि अनवाणी पाय त्यांनी त्या बर्फावर ठेवला, आधी उजवा. दुसरा ठेवला. उभ्या राहिल्या. खोटं सांगत नाही, आणि हे वाक्य मी रोज वापरत असले तरी आज खरं आहे: त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी लग्नात, बारशात, कुठेच पाहिलं नाही. डोक्यावर, भुवयांवर बर्फ साचत होता. त्यांनी खाली वाकून बर्फाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

मी विचारलं, "कसा आहे?"

चिमूटभर बोटांत चोळून म्हणाल्या, "भगर."

मग पाय चोळून, दोन स्वेटर, माकडटोपी, लेकाची ट्रॅकपँट आणि तिच्यावरून जांभळं पातळ, कारण पातळाशिवाय घराबाहेर पडणं त्यांना मान्य नव्हतं, असा जामानिमा करून आम्ही तिघं निघालो. आमच्या वसाहतीमागे नदीकडे उतरणारं एक कुरण आहे. तिथे अर्धं लिक्सलिप लोटलेलं. पोरं ओव्हनचे ट्रे, डब्यांची झाकणं, फुगवलेल्या उशा, मिळेल त्यावर बसून घसरत होती. आणि माथ्यावर समोरच्या घरातले म्हातारेबुवा. इथे अशा माणसाला नाव न घेता 'युअर मॅन' म्हणतात, म्हणजे आपला 'तो बुवा'. तर या युअर मॅनने माळ्यावरून स्की काढून आणल्या होत्या, स्वतःच्या आणि बायकोच्या, कधीकाळच्या ऑस्ट्रियाच्या सहलीतल्या.

सासूबाई त्यांच्यापासून दोन मीटरवर जाऊन उभ्या राहिल्या आणि बायकोच्या स्कींकडे बघत राहिल्या. काही मागितलं नाही. नुसतं बघितलं. सासूबाईंच्या बघण्यापुढे मी पंधरा वर्षांत टिकलेली नाही, युअर मॅन काय टिकणार?

"यांनी आधी केलंय का?" त्यांनी मला विचारलं.

"ऑस्ट्रेलियात," मी म्हटलं. डोळे तर तिथेच होते ना सहा महिने.

"ग्रँड, ग्रँड!" म्हणत त्यांनी बूट, काठ्या आणि स्कींवर सॅनिटायझर फवारला आणि काठीने आमच्याकडे ढकलले. "फक्त मेण लावलेलं नाही. वर्षानुवर्षं कोरड्या पडल्यात, सरकतील की नाही शंकाच आहे."

मी मराठीत सांगितलं. सासूबाईंनी मला घरी पिटाळलं, खोबरेल तेलाची बाटली आणि चमचा आणायला. आयर्लंडात आपल्या लोकांच्या घरी ही बाटली नोव्हेंबर ते मार्च मेणबत्तीसारखी घट्ट असते. त्यांनी चमच्याच्या दांड्याने गोळे काढले आणि स्कींच्या तळांना असे चोळले, जसं दिवाळीच्या पहाटे नातवाला चोळावं. युअर मॅन "ओह, नो," म्हणाले, पण दोन मीटरवरून म्हणाले. कुरणभर खोबरेलाचा वास सुटला. लिक्सलिपमधली झाडून सगळी कुत्री वर आली, आणि काही शेजारच्या गावातलीही असावीत.

तीन जोड मोजे घालून बूट बसले. पाय ठेवायच्या आधी त्यांनी स्कीला नमस्कार केला. मी नणंदेला व्हिडिओ कॉल लावला. तिथे घामाघूम उन्हाळ्याची रात्र होती.

"आई! चतकोर, आई! चतकोर विसरू नकोस!"

"गप व. मले शिकवू नको."

आणि गेल्या.

युअर मॅनला वाटलं होतं चार पावलं सरकतील. पण खोबरेल, उतार आणि पन्नास वर्षांचं काश्मीर, तिन्हींनी एकदम जोर केला. पातळाचा पदर मागे आडवा ताणलेला, माकडटोपी पुढे, हातातल्या काठ्या आकाशात. ट्रेवरची पोरं दुभंगून वाट देत होती. पुढे पुढे तर मला फक्त एक जांभळा ठिपका आणि पाठलाग करणारी कुत्री दिसत होती. तळाला नदी होती. "चतकोर!" मी ओरडले, नवरा ओरडला, सिडनीहून नणंद ओरडली. ठिपका रुंदावला, बर्फाचा एक फवारा उडाला, आणि सगळं थांबलं. नदीच्या अलीकडे, उभ्याच्या उभ्या.

सगळं कुरण टाळ्या वाजवत होतं. आम्ही धावत खाली गेलो. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या हसत होत्या, किंवा उलट.

"आई, कसं वाटलं?" फोनमधून नणंद विचारत होती, परत परत. त्यांनी फोन हातात घेतला आणि स्वतःकडे वळवायच्या ऐवजी उताराकडे वळवला, जिथे त्यांच्या दोन रेघा वरपासून खालपर्यंत गेल्या होत्या. दोघी मायलेकी कितीतरी वेळ त्याच बघत बसल्या.

दहाच्या सुमाराला ऊन आलं. बर्फ बाजूंनी खचायला लागला, गवताची टोकं दिसू लागली. ट्रेवाली पोरं घरी गेली.

"पुन्हा कधी पडते म्हना?" त्यांनी मला युअर मॅनला विचारायला लावलं.

"उद्या पडेल," ते म्हणाले, "किंवा तीन वर्षांनी."

"गुरुवारी विमान हाय," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि लेकाच्या खांद्याला धरून पुन्हा चढ चढायला लागल्या. दुसरी फेरी झाली. तिसरी झाली. प्रत्येक वेळी पांढरी पट्टी अरुंद होत होती, आणि त्या तीच धरून खाली येत होत्या, सावकाश, आता चतकोर न विसरता. शेवटच्या वेळी पट्टी उताराच्या मध्यावरच संपली. त्या तिथे थांबल्या. पुढे चिखल होता, मागे पाणी ठिबकत होतं, आणि सासूबाई उरलेल्या त्या हातभर बर्फावर उभ्या होत्या.

"उतरा आता, आई," मी म्हटलं.

"थांब व," त्या म्हणाल्या. "अजून हाय."