गल्लीच्या टोकापर्यंत
तुपात भाजलेल्या कणकेच्या पंजिरीचा वास आला, की माझं ते आजारपण आठवतं. ऑपरेशननंतर पायातली रक्ताची गुठळी माझ्या फुप्फुसात गेली होती. पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या आणि रोज चालायला बजावलं. पण इथली, चंदीगडच्या मनीमाजरा वस्तीतली आमची शेजारीण पंजिरीचा डबा घेऊन यायची आणि दरडावायची, "लेटे रहो जी, हिलना नहीं!" एकदा माझं डोकंच फिरलं. पडून राहून मरायची माझी तयारी नव्हती. "हमारे यहाँ मेहमान को छोड़ने जाते हैं," म्हणत मी उठले आणि भिंत धरत तिला गल्लीच्या टोकापर्यंत सोडून आले. मग ती रोज यायची, मी रोज सोडायला जायचे. परवा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला सांगूनही बाई पलंग सोडेना. आज मीच पंजिरी घेऊन गेले, वॉकर तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "उठिए जी, मेहमान जा रही है."