लाल रंगाचा पीस

पीएचडीच्या चौथ्या वर्षी, ताथवड्याच्या आमच्या लॅबमध्ये, जेलवर एक ठळक पट्टी उमटली आणि मी हरखून गेले. शंका यायला हवी होती ती तेव्हाच.

आमचा प्रश्न साधा होता. एक प्रोटीन जिवंत पेशीत ठरावीक जीनवर बसतं की नाही? पेशींवर दहा मिनिटं फॉर्मॅलिन टाकायचं, म्हणजे प्रोटीन जिथे असेल तिथेच डीएनएला चिकटून राहतं. मग डीएनएचे तुकडे करायचे, अँटिबॉडीने नेमकं तेच प्रोटीन पकडायचं आणि त्याच्यासोबत त्या जीनचा डीएनए आला का ते बघायचं; आला असेल तर जेलवर पट्टी उमटते. शेजारी एक कंट्रोल ट्यूब लावतात, भलत्याच अँटिबॉडीची. तिच्यात पट्टी येता कामा नये.

ती ट्यूब मी लावलीच नव्हती. पेशी वाढता वाढत नव्हत्या, तीन महिन्यांत जेमतेम दोन ट्यूबपुरतं मटेरियल हाती लागलं होतं. निम्मं वापरलं, निम्मं फ्रीझरमध्ये जपून ठेवलं. कंट्रोल काय, नंतर करू, म्हटलं. मोठी शहाणी! माझ्या गाइड सरांना पट्टी इतकी आवडली की सोमवारी सगळ्यांसमोर मांडायचं ठरलं. "कंट्रोल स्वच्छ आहे ना?" त्यांनी विचारलं आणि मी होकाराची मान हलवून मोकळी झाले.

गुरुवारी पप्पांना सुट्टी असते. बीडहून आल्यापासून ते महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. जेवताना मी त्यांना मोबाइलवर पट्टी दाखवली. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते बघत राहिले.

"आधी लाल पीस घातलता का?"

त्यांच्याकडे शिफ्ट सुरू होताना मुद्दाम जपून ठेवलेला, लाल रंग दिलेला खराब पीस, म्हणजे बिघडलेला पार्ट, तपासणीच्या मशीनमध्ये घालतात. मशीनने तो नाकारला तरच लाइन सुरू होते. मी उखडले. "पप्पा, हे काय नटबोल्ट आहेत का?" त्यांनी वरण वाढून घेतलं. माझ्या डोक्यातून मात्र ती न लावलेली ट्यूब जाईना.

फ्रीझरमधलं कंट्रोलला घातलं असतं, तर पुन्हा प्रयोग करायला थेंबही उरला नसता. नाही घातलं, तर सोमवारी मला विचारणारं कोण होतं? दुसऱ्या दिवशी तासभर स्टुलावर नखं खात बसले. मग एकदाचं घातलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

शनिवारी जेल पाहिलं. कंट्रोलमध्येही तीच पट्टी, तितकीच ठळक. म्हणजे अँटिबॉडीने पकडल्यावर बाकीचं धुऊन काढायचं असतं, ते माझं धुणंच कच्चं होतं, नको तो डीएनए सोबत चिकटून आला होता. प्रोटीनबद्दल मला काहीच कळलेलं नव्हतं.

सरांना फोन करायचा धीर होईना, म्हणून आधी पप्पांना लावला. ते चहाला बाहेर आले होते.

"पप्पा, लाल पीस पास झाला."

"मग सांग सरांना. लाइन बंद करावी लागंल, बाई."

"खूप बोलतील ते."

"बोलतील की. ऐकून घ्यायचं."

मी सरांचा नंबर लावला. त्यांनी "बोल" म्हणायच्या आत मी बोलून टाकलं, "सर, त्या दिवशी कंट्रोल लावलंच नव्हतं मी."