आठवड्याच्या तीन सुया

बीरगावला आमची एक खोली, वर टिनाचं छप्पर आणि खाली सात माणसं. बाबा लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपुढे उभे राहत. माझ्याआधी घरातलं कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मीही जाणार नव्हते. बारावीनंतर आईची धाकटी बहीण आली आणि मला शहरात, तात्यापारा मोहल्ल्यात आपल्या घरी घेऊन गेली. "पोट्टी शिकन. मशीन चालवाले मी आहो ना," एवढंच मावशी बाबांना म्हणाली.

मावशी ब्लाउज शिवायची. तिची शिवण पट्टीने आखल्यासारखी, पण चालताना ती भिंत धरायची. एका गिऱ्हाईक बाईने दारातच हसत विचारलं, "दीदी, सुबे-सुबे चढ़ा ली क्या?" मावशीने त्या बाईचाच ब्लाउज उलटा करून तिच्यापुढे धरला. "सिलाई सीधी है ना? फिर हमारी चाल मत नापो."

पुढे एक डोळाही अंधूक झाला. दोनदा चष्मा बदलून झाला. शेवटी मोठ्या दवाखान्यात एमआरआय काढला तेव्हा मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण खातं, असं डॉक्टरांनी समजावलं. मावशी म्हणाली, "म्हंजे अस्तर उसवलं." इंजेक्शनाने उसवलेलं पुन्हा शिवलं जाणार नव्हतं, पुढचं उसवणं कमी होणार होतं. शिवणारीच ती, तिला हे लगेच कळलं.

आठवड्याला तीन सुया, सोमवार, बुधवार, शुक्रवार. पोटाला, मांडीला, दंडाला, दर वेळी नव्या जागी आणि स्वतःच टोचायच्या. ज्या खाकी कागदावर ती ब्लाउज बेतायची, त्यावर तिने आपलं अंग बेतलं, पुढचा भाग आणि मागचा भाग. सुई टोचली की त्या जागी खडूची फुली. "एकाच जागी दोनदा टाका घातला का कापड फाटते," म्हणायची. तरी लाल चट्टे उठायचेच, मांडीवर सुपारीएवढ्या गाठी यायच्या. आणि दर वेळी ताप. संध्याकाळी सुई, जेवण झालं की हुडहुडी. पॅरासिटामॉल घेऊनही हाडं ठणकायची. मी रजई टाकायचे, पाय दाबत बसायचे. सकाळी ताप उतरायचा, मावशी मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली. या औषधाने मनही खचू शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती म्हणायची, "आज दुकान बंद आहे. बोलू नको."

माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा सुरू झाल्या आणि तिला ताप येईनासा झाला. अंगाला सवय झाली, असं ती म्हणाली. कागदावर फुल्या वेळेवर पडत होत्या. मला बरं वाटलं, मी निवांत अभ्यास केला.

शेवटच्या पेपरच्या सकाळी ती पलंगावरून उठेना. दोन्ही पाय हलत नव्हते. दवाखान्यात औषध दाखवावं लागेल म्हणून मी फ्रिज उघडला. भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीखाली इंजेक्शनं होती. महिन्याभराची. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं. फुल्या खोट्या होत्या.

"काहून केलं, मावशी?"

"ताप आला असता तं तू पुस्तक सोडून माहे पाय दाबत बसली असती."

मी ऑटो बोलवायला निघाले, तर तिने मनगट धरलं. हातांत जोर होता अजून. "ऑटो कॉलेजले ने. पेपर बुडाला तं सुया चुकवल्या त्या फुकट गेल्या. दवाखान्यात दुपारी जाऊ. मी काय पळून चालली?"

मी गेले. हे मी कोणापासून लपवत नाही. शेजारच्या काकूंना तिच्यापाशी बसवलं, तीन तास पेपर लिहिला आणि मग तिला दवाखान्यात नेलं. पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. डाव्या पायात थोडा जीव आला, उजव्यात आला नाही. सुया सुटल्या म्हणूनच हे झालं असं ठामपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते खरं होतं की माझ्या समाधानासाठी होतं, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं तिला सुई मी टोचली. मशीनवर ती पुन्हा बसली नाही. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

निकाल तिने पाहिला होता. गुणपत्रिका मी तिच्या चांगल्या डोळ्यापुढे धरली आणि तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. बी.कॉम., प्रथम श्रेणी. आमच्या घरातली पहिली पदवी.